ब्लॉक केल्याच्या पाच खुणा

"...आणि तिचा फोन नुसता बंद असला तर?" चंदननाथांनी विचारलं.

"बंद नाही, बाबा."

"हातातून पडून फुटला असेल."

"नाही फुटला."

"तुला काय ठाऊक?"

दिगंबर कासार हसला. हसण्याची वेळ नव्हती, पण सवय वाईट. मोबाइलमधलं तुला काय ठाऊक, असं कुणी विचारलं की त्याच्या ओठांवर ते हसू आपोआप यायचं. गावात मोबाइलचं पहिलं दुकान त्याचं. आजा बांगड्या भरायचा, बाप भांडी विकायचा, हा फोन विकत होता, आणि तिघांत आपल्यालाच अक्कल जास्त, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

मठाच्या फाटकाबाहेर एक जीप उभी होती. तिचा हॉर्न वाजला... आणि थांबला.

चंदननाथांनी तिकडं पाहिलं नाही. ते चिंचेच्या झाडाखाली घोंगडी टाकून बसले होते. पुढ्यात वाळलेल्या चिंचांचा ढीग आणि मांडीवर सूप. एकेक बुटूक उचलायचं, टरफल सोलायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे. मठाला वर्षभर पुरणारी चिंच याच दिवसांत निघायची.

"ब्लॉक केलंय की नाही, हे ओळखायच्या खुणा असतात," दिगंबर म्हणाला. "पाच. लोक माझ्याकडंच येतात विचारायला."

"लोक येतात?"

"रोज. कुणाचा मित्र बोलेनासा झालेला असतो, कुणाची बायको माहेरी जाऊन बसलेली असते. तोंड पाडून येतात आणि म्हणतात, शेठ, बघा जरा, मला ब्लॉक केलंय का."

"मग मलाही सांग."

दिगंबर घोंगडीच्या कडेला टेकला. जिवाला चैन नव्हतीच. केतकी ही त्याची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर घरात दोघंच उरली होती. मग तिला नाशिकला नोकरी लागली, आणि गेल्या दिवाळीत तिनं प्रणव नावाच्या मुलाशी कोर्टात जाऊन लग्न केलं. दिगंबर लग्नाला गेला नाही, पण फोन चालू ठेवला होता. होळीनंतर तोही तुटला.

"पहिली खूण," तो म्हणाला. "मेसेज टाकला की एक टिक येते. तिच्या फोनवर पोचला की दुसरी. ब्लॉक असेल तर दुसरी कधीच येत नाही."

"रेंज नसेल."

"म्हणून दुसरी खूण. तिचा फोटो दिसायचा. आता नुसतं करडं डोकं दिसतं."

"फोटो काढून टाकला असेल."

"म्हणून तिसरी. ती शेवटची कधी येऊन गेली, आत्ता आहे की नाही, काही दिसत नाही."

"दाखवायचं नसेल तिला."

"चौथी. फोन लावला की अर्धी घंटी वाजते आणि लगेच बाई सांगते, व्यस्त आहे. सकाळी व्यस्त, दुपारी व्यस्त. माणूस एवढा व्यस्त असतो का?"

"तू दुकानात असतोस की."

दिगंबरनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पाचवी. कुठल्या ग्रुपमध्ये तिला ओढायला गेलं तर ओढता येत नाही. मी मुद्दाम एक ग्रुप काढून बघितला."

"नाव काय दिलंस ग्रुपला?"

तो थोडा घुटमळला. "घर."

"त्यात कोण कोण आहे?"

"मी..." दिगंबर म्हणाला.

चंदननाथांनी सुपातले चिंचोके बाजूला सारले. "आणि साधा मेसेज? तुमच्या त्या टिकांआधी होता तो?"

"त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ब्लॉक असला तरी तो पोचल्यासारखंच दाखवतो. कच्ची माणसं तिथंच फसतात."

"तू फसला नाहीस."

"नाही."

"पाचही खुणा जुळल्या?"

"जुळल्या."

एक सहावी खूणही होती. सगळ्यात आधी तीच दिसली होती, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. पण ती दिगंबरनं सांगितली नाही. ती सांगण्यासारखी नव्हती.

"मग झालं की," चंदननाथ म्हणाले. "तुला कळलं. आता माझ्याकडं कशाला आलास?"

पुन्हा हॉर्न वाजला. या वेळी लांबलचक.

"ब्लॉक झालंय ते कळलं, बाबा. कुणी केलं ते कळत नाही."

"म्हणजे?"

"कुणाच्या बोटानं केलं ते मशीन सांगत नाही. माझी पोर असं करणार नाही. मी तिला ओळखतो. तिच्या हातातून फोन काढून घेतलाय त्यानं. तिला कोंडून ठेवली असेल, मारत असेल, काय सांगावं. रोज पेपरात वाचतो आपण."

 ही भीती खोटी नव्हती. कित्येक दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक फोनची घंटी त्याला तिचीच वाटायची.

"बाहेर कोण आहे?" चंदननाथांनी विचारलं.

"सुधाकर आहे, तिचा मामा. भाऊबंद आहेत. निघालोय नाशिकला."

"कशाला?"

"पोरीला आणायला."

"ती म्हणाली, या म्हणून?"

"ती कशी म्हणणार? तिचा फोन..." दिगंबरनं हात चोळले. "म्हणूनच तुमच्याकडं आलो. एक पुरावा राहिलाय. दुसऱ्या नंबरवरून लावायचा. माझ्यावरून तुटला आणि दुसऱ्यावरून उचलला, की झालं शाबीत."

"तू तर सिमकार्डं विकतोस."

"नव्या सिमवरून लावला. पूर्ण वाजला, पण उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे तिला मीच शिकवलंय."

"चांगलं शिकवलंस."

"तुमचा उचलेल, बाबा. तिची आई तिला दर अमावास्येला इथं आणायची. तुम्हाला फोनची बटणं तिनंच शिकवली. जगात कुणाचा उचलणार नाही, पण तुमचा उचलेल. फोन द्या... एकदा. दोन मिनिटं."

बाबांचा फोन घोंगडीवरच पडला होता. कुणा भक्तानं दिलेला, बटणांचा, कडा झिजलेला. दिगंबरची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. हात लांबवला असता तर पोचला असता. त्यानं लांबवला नाही, एवढं त्याचं पुण्य.

"तिनं उचलला, तर काय विचारशील?" चंदननाथांनी विचारलं.

"फोन कुणाच्या हातात असतो, ते."

"आणि ती म्हणाली, माझ्याच हातात असतो?"

"तर..." दिगंबर अडखळला. "तर तो शेजारी बसून वदवून घेत असेल."

"आणि उचललाच नाही?"

"मग तर सरळच आहे. कोंडलीय."

"म्हणजे ती हो म्हणाली तरी तू जाणार, नाही म्हणाली तरी जाणार, गप्प बसली तरी जाणार."

दिगंबरची नजर पुन्हा त्या फोनवर गेली.

"मग फोन कशाला पाहिजे? जा की."

"बाबा, चेष्टा करू नका. माझा जीव जातोय."

चंदननाथांनी हातातलं बुटूक सुपात ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी दिगंबरकडं नीट पाहिलं, आणि तो आजारातून उठल्यासारखा दिसतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात फाटक करकरलं. सुधाकर आत आला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला टिळा, हातात गाडीची किल्ली. लग्नात आपल्याला विचारलं नाही, याचा राग त्यानं जपून ठेवला होता, आणि आज तो बाहेर काढायचा मुहूर्त सापडला होता.

"काय दाजी, झालं का नाही? पोरं तापलीत बाहेर. ऊन डोक्यावर यायच्या आत घाट ओलांडू."

"बस, सुधाकर," चंदननाथ म्हणाले. "चिंच फोडू लाग."

"नको, बाबा. हात खराब होतील."

"होतील खरे."

सुधाकरला यात काय म्हणायचं ते कळलं नाही. त्यानं दाजींना खूण केली आणि परत गेला. जीपमधून कुणीतरी काहीतरी बोललं, बाकीचे मोठ्यानं हसले. जीपमध्ये मागच्या सीटखाली काय ठेवलंय, ते दिगंबरनं निघताना पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. काठ्या होत्या. नुसत्या धाकासाठी, सुधाकर म्हणाला होता.

"मी लावतो फोन," चंदननाथ म्हणाले.

दिगंबरनं हात जोडले.

"पण मी लावणार आणि मीच बोलणार. तू ऐकायचं. आणि एकदाच लावणार."

"एकदाच? बाबा, ती स्वयंपाकात असेल, फोन दुसऱ्या खोलीत असेल. दोनतीनदा तरी..."

"आम्ही भिक्षेला जातो तेव्हा दारात अलख किती वेळा म्हणतो?"

"एकदा."

"मग?"

"मग थोडं थांबता. कुणी आलं तर घेता, नाहीतर पुढं जाता."

"कडी वाजवतो?"

"नाही."

"खिडकीतून डोकावतो? घरात माणूस आहे का, चुलीवर काय शिजतंय, ते बघतो?"

दिगंबरचा चेहरा उतरला. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"दुसऱ्यांदा हाक मारली की ती भिक्षा राहत नाही," चंदननाथ म्हणाले. "वसुली होते. तू किती वेळा फोन लावलास तिला?"

दिगंबर बोटांवर मोजायला लागला.

"असू दे. सांगू नकोस."

त्यांनी ढिगातून एक चांगलं जाडजूड बुटूक निवडलं. ते सोललं, शिरा ओढून काढल्या आणि दिगंबरपुढं धरलं.

"हे दातात धर."

"काय?"

"दातात धर. चावायचं नाही, गिळायचं नाही. तुझं तोंड उघडलं की ते खाली पडेल. ते पडलं की मी फोन ठेवीन."

"बाबा, मी काय लहान आहे का? गप्प बस म्हटलं की बसेन."

"केतकी सांगायची मला, अप्पा किती गप्प बसतात ते."

दिगंबरनं ती चिंच घेतली. गावातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यानं, दुकानाच्या पाटीवर स्वतःचा फोटो लावलेल्या माणसानं, दातात चिंच धरून मठात बसायचं. बाहेरून सुधाकरनं पाहिलं असतं तर गावभर केलं असतं. पण गरज होती. त्यानं ती दातात धरली. लागलीच जबड्याच्या मुळाशी कळ आली आणि तोंडात पाणी सुटलं.

चंदननाथांनी फोन घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला. अंगठ्यानं एक बटण दाबून ठेवलं. मग आवाज मोठा करून फोन दोघांच्या मधे घोंगडीवर ठेवला.

घंटी वाजू लागली...

पूर्ण वाजत होती, अर्धवट नाही.

दिगंबरचा सगळा जीव कानांत गोळा झाला. उचल, तो मनात म्हणत होता. उचल आणि सांग, अप्पा, मला घेऊन जा. सांग, यानं माझा फोन काढून घेतला होता. मी आत्ता येतो, पंख लावून येतो...

आणि त्या क्षणी दिगंबरला स्वतःचीच भीती वाटली. कारण आपण काय मागतोय ते त्याला कळलं. पोरगी कोंडलेली निघावी, असं त्याला वाटत होतं. तिला मार बसत असावा, असं वाटत होतं. तसं निघालं तर ती आपलीच राहिली असती. आणि तसं नसलं तर...

घंटी वाजत होती.

"हॅलो... बाबा?"

तोच आवाज. जरा दबका, पण तोच. दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे दात आपसूक आवळले गेले आणि आंबट रस जिभेवर उतरला.

"कल्याण असो, केतकी," चंदननाथ म्हणाले. "बोलायच्या आधी एक सांगतो. तुझा बाप माझ्यासमोर बसलाय. सगळं ऐकतोय."

दिगंबरनं डोळे वटारले. झालं, सगळं मुसळ केरात. आता ती खरं कशाला बोलेल? त्यानं दोन्ही हात हलवून बाबांना नको नको केलं. बाबांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.



पलीकडं पंखा फिरत असावा. त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. ठेवला का फोन? नाही, ठेवला नव्हता.

"मग बोलत का नाहीत ते?" केतकीनं शेवटी विचारलं.

"त्याच्या तोंडात चिंच आहे."

"काय?"

"मी दिलीय. ती पडली की मी फोन ठेवणार, असं ठरलंय."

पलीकडं हसण्यासारखा काहीतरी आवाज झाला आणि अर्ध्यावर मोडला.

"एवढंच विचारायला फोन केला," चंदननाथ म्हणाले. "उत्तर द्यायचं तर दे, नाहीतर ठेव. मी पुन्हा करणार नाही. तुझा फोन कुणाच्या हातात असतो?"

"माझ्याच. का?"

 चंदननाथ नुसते थांबले, दारात थांबतात तसे.

"म्हणजे... अप्पांना वाटतंय, प्रणवनं केलं?" केतकीचा आवाज चढला. "बाबा, त्याला तर माहीतही नव्हतं. कळलं तेव्हा माझ्याशी भांडला तो. म्हणाला, काढ ते, बापाला असं करू नये. मी म्हटलं, नाही काढणार. मीच केलंय. माझ्या बोटानं दाबलंय."

दिगंबरनं मान खाली घातली.

ते वाक्य त्याच्याच दुकानातलं होतं. कुणी मागं लागलाय, रोज घाणेरडे मेसेज टाकतोय, असं सांगत एखादी बाई रडवेली होऊन यायची. दिगंबर तिचा फोन घेऊन सगळं उघडून द्यायचा, आणि शेवटचं बटण आलं की फोन तिच्यापुढं सरकवायचा. दाबायचं तू, तो सांगायचा. मी दाबलं तर उद्या दया येऊन काढशील. स्वतःच्या बोटानं दाबलंस म्हणजे मनाला कळतं. शाळा सुटली की केतकी काउंटरमागं येऊन बसायची आणि हे ऐकायची. बापाचा हा नियम तिला फार आवडायचा. मैत्रिणींना ती अभिमानानं सांगायची.

आता जबडा दुखायला लागला होता. लाळ ओठांच्या कडेनं ओघळली, ती त्यानं बाहीनं पुसली.

"अप्पांनी तुम्हाला कॉम्प्युटरचं सांगितलं का?" केतकीनं विचारलं.

"नाही."

"सांगणार नाहीतच. मला नवा फोन घेऊन दिला, तेव्हा म्हणाले, मी सगळं चालू करून देतो. आणि तेव्हाच दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवला. मी मैत्रिणींना काय लिहिते, प्रणवला काय लिहिते, रात्री आईच्या आठवणीनं रडून काय लिहिते... सगळं तिथं दिसायचं त्यांना. नोकरीला लागले तेव्हापासून. होळीला मला कळलं. विचारलं तर म्हणाले, बापापासून काय लपवायचं?"

चंदननाथांनी दिगंबरकडं पाहिलं नाही. त्यांनी एक बुटूक उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं.

दिगंबरला सांगायचं होतं. एकटी पोरगी, परकं शहर, आई नाही. रोज दुकान उघडलं की आधी तो पडदा बघायचा, ती सुखरूप उठली, जेवली, कामावर गेली, एवढंच बघायचा. एवढंच बघायला बसायचा आणि मग बसूनच राहायचा. गिऱ्हाईक उभं राहायचं आणि तो वाचत असायचा. होळीनंतर एके सकाळी तोच पडदा कोरा दिसला; सहावी खूण ती. यात चूक काय होती, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर तिचा आवाज गेला असता.

त्यानं तोंड मिटून घेतलं. पोरीचं बोलणं संपेपर्यंत बाप गप्प बसला, असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"बाबा," केतकी म्हणाली. आवाज पुन्हा दबका झाला होता. "मामा पण आहे का तिथं?"

"फाटकाबाहेर आहे."

"त्यानं सकाळी स्टेटसला जीपचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, नाशिक. तो फोटो बघितल्यापासून आम्ही दाराला कडी लावून बसलोय. प्रणव कामावर गेला नाही. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, आवाज आला तर पोलिसांना बोलवा म्हणून."

पलीकडं कडी पुन्हा एकदा चाचपल्याचा आवाज आला.

"मी असं कधीच घाबरले नव्हते. आई गेली तेव्हाही नाही."

 पोरगी कोंडलेली होती, ते खरंच होतं. कडी तिनं आतून लावली होती, आणि लावली होती ती त्याच्या भीतीनं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. चिंच दातांत घट्ट होती. तिचा गर सुटून घशात उतरत होता, ठसका येत होता. तो ठसका त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून आत जिरवला.

"अप्पा," फोनमधून आवाज आला. ती आता बाबांशी बोलत नव्हती. "ऐकताय ना?"

दिगंबरनं मान हलवली. फोनला मान दिसत नाही, हे फोनवाल्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"ऐकतोय," चंदननाथांनी सांगितलं.

"अप्पा, येऊ नका."

बस, एवढंच. ब्लॉक कधी काढीन, काढीन की नाही, काही म्हणाली नाही.

"ठेवते, बाबा."

"कल्याण असो."

फोनचा उजेड विझला.

 झाडावरून एक वाळलेलं पान सुपात पडलं. चंदननाथांनी ते उचलून बाजूला टाकलं.

दिगंबरनं तोंडातून चिंच काढली. दातांच्या खुणा उमटून तिचा लगदा झाला होता. ती कुठं टाकावी ते त्याला कळेना. तो ती तळहातावर घेऊन बसून राहिला. दात एवढे आंबले होते की शब्द नीट उमटत नव्हते.

"तिनंच केलंय, बाबा."

"हो."

"तिच्या... तिच्याच बोटानं."

"हो."

"तिला कुणी मारत नाही."

"नाही."

"मलाच घाबरते ती."

चंदननाथांनी सुपातले चिंचोके वेचून बाजूला केले.

बाहेर जीप सुरू झाली. इंजिनाची घरघर, दारं आपटल्याचे आवाज. सुधाकर फाटकाशी येऊन ओरडला, "दाजी, झालं ना? लागला ना छडा? चला, बसा लवकर. आता नाही सोडत त्याला."

दिगंबर उठला.  फाटकापर्यंत जायचं होतं. तिथं सगळे भाऊबंद जीपमध्ये बसलेले. त्यांच्यात बसून त्यानं गेले कित्येक दिवस जावयाच्या नावानं बोटं मोडली होती. माझी पोर असं करणार नाही, हे छातीवर हात मारून त्यानंच सांगितलं होतं. काठ्याही त्याच्याच शब्दावर गोळा झाल्या होत्या.

तो चार पावलं चालला आणि मागं वळला. चेहरा धुऊन काढल्यासारखा झाला होता.

"बाबा, मी यांना जाऊ देत नाही. आडवा पडेन गाडीपुढं. पण..."

"पण?"

"ते विचारतील, काय झालं म्हणून. पोरीनं बापाला स्वतःच्या हातानं बाहेर काढलं, हे मी या तोंडानं चारचौघांत कसं सांगू? काय म्हणून सांगू?"

चंदननाथांनी पुढचं बुटूक उचललं आणि टरफलावर नख रोवलं.

"पोर सुखरूप आहे म्हणून सांग," ते म्हणाले. "पेढे वाट."